सही कोणाची?

मुलगी शाळेच्या गटाबरोबर युरोपला निघाली की घरात आधी चर्चा होते ती बॅगेची आणि स्वेटरची. खरा प्रश्न वेगळा आहे: तिकडे ती आजारी पडली, तर उपचारांसाठी सही कोण करणार? १८ वर्षांखालील मुलांच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जावर पालकांची सही लागते, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. पण विमा खर्च भरतो, निर्णय घेत नाही. शिक्षक सोबत असतात हे खरे. मात्र कायद्याने ते पालक नव्हेत. फोन आहेच, असेही कोणी म्हणेल. उन्हाळ्यात पॅरिसला रात्रीचे ११ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे अडीच झालेले असतात, आणि फोन सायलेंटवर. म्हणून उपचारांची परवानगी सोबतच्या शिक्षकांना देणारे लेखी, नोटरी केलेले संमतिपत्र निघण्याआधीच द्या. आयोजक ते मागत नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी कारण विचारा.