माघातील पेरणी आणि सद्धा

‘सद्धा’ हा शब्द उच्चारताच आपल्या अनेक सुशिक्षित उपासकांच्या मनात शंका उभी राहते. अंधश्रद्धा टाकून धम्म स्वीकारलेल्या समाजात श्रद्धेला स्थान कोणते? प्रश्न रास्त आहे. मात्र पालि वाङ्मयाने त्याचे उत्तर शेतात उभे राहून दिले आहे, असे आम्हांस वाटते.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्ताचा प्रसंग मगधातील एकनाळा गावचा, ऐन पेरणीच्या दिवसांतला. भिक्षेसाठी उभ्या असलेल्या तथागतांना शेतमालक ब्राह्मण सुनावतो की, आपण नांगरतो, पेरतो आणि मगच खातो. श्रमणानेही तसेच करावे. आपणही शेतीच करतो, असे सांगून भगवान जे रूपक मांडतात त्यात प्रज्ञा हे जू आणि नांगर, स्मृती हा फाळ आणि पराणी, सत्य ही निंदणी, वीर्य हा जुंपलेला बैल. आणि सद्धा हे बीज आहे. तिला पीक म्हटलेले नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. बियाणे कणगीत ठेवून कोणाचे पोट भरत नाही.

माघात थंडी ओसरू लागली की परसात भेंडी, गवार, दोडका लावतात. बी मातीआड गेल्यावर काही दिवस काहीच दिसत नाही, तरी पाणी घालावेच लागते. सद्धा ती हीच. पण ती आंधळी नाही. उगवण झाली नाही, तर लावणारा माती उकरून पाहतो. बी जुने होते, पाणी साचले, की थंडी अजून सरली नव्हती, याचा शोध घेतो आणि पुन्हा लावतो. नवस बोलत नाही. अंगुत्तर निकायातील अच्चायिक सुत्तही सांगते की, नांगरणे, पेरणे आणि पाणी देणे ही कामे शेतकऱ्याने तातडीने करावीत; परंतु पिकाला ‘आजच उगव’ अशी आज्ञा करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही.

त्या ब्राह्मणाचे नांगर पाचशे होते. आपल्या बहुतेक वाडवडिलांपाशी एकही नव्हता. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. जमिनीचा प्रश्न रूपकाने सुटत नाही, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. मात्र बी लावण्यास सातबारा लागत नाही. वस्तीतल्या पत्र्याच्या डब्यातही भेंडी येते. विहारांच्या धम्मवर्गांत हे सुत्त माघ-फाल्गुनातच शिकवावे आणि मुलांच्या हाती चार दाणे द्यावेत, अशी आमची सूचना आहे.