अस्थिभंग, बालकांतील विकृतिजन्य
एखाद्या रोगाने आधीच दुर्बल झालेले हाड किरकोळ आघातानेही मोडते, तेव्हा त्यास विकृतिजन्य अस्थिभंग म्हणतात. हे दौर्बल्य स्थानिक किंवा सार्वदेहिक असते. स्थानिक कारणांत द्रवयुक्त अस्थिपुटी प्रमुख असून ती बहुधा भुजास्थीच्या वरच्या टोकाजवळ असते. चेंडू फेकण्याच्या निमित्तानेही तेथे हाड मोडते व पुटीचे अस्तित्व प्रथमच कळते. अस्थिमज्जाशोथ व मारक अर्बुदे ही इतर स्थानिक कारणे होत. सार्वदेहिक कारणांत ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस व अपूर्ण अस्थिजनन हा आनुवंशिक विकार यांचा समावेश होतो. सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांत एकास होणाऱ्या या विकारात कोलॅजेन हे प्रथिन सदोष असल्याने हाडे वारंवार मोडतात. पुष्कळदा डोळ्यांचे श्वेतपटल निळसर दिसते. निदान न झाल्यास पालकांवर मारहाणीचा संशय येण्याचा संभव असतो.

प्लॅस्टरने हाड सांधले, तरी मूळ रोग तसाच राहतो. म्हणून आघात क्षुल्लक असल्यास किंवा त्या जागी पूर्वीपासून वेदना असल्यास क्ष-किरण चित्र, रक्ततपासणी व जरूर तर जीवोतक परीक्षा करतात. मुडदुसात ड जीवनसत्त्व व कॅल्शियम, तर अपूर्ण अस्थिजननात बिस्फॉस्फोनेट औषधे देतात. मारक अर्बुदाचा संशय असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी निदान निश्चित होणे अत्यावश्यक असते. घाईने सळई बसविल्यास कर्ककोशिका पसरून अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते.