कोंबड्या, उंदीर आणि वीस माणसं

डच सरकारला जंतू हवा होता. जावा बेटावरच्या त्यांच्या लष्करी छावण्यांत आणि तुरुंगांत बेरीबेरीने माणसं आडवी होत होती. आधी पाय जड व्हायचे, मग चालणं थांबायचं आणि शेवटी हृदय दगा द्यायचं. पाश्चर आणि कॉख यांचा तो काळ. आजार म्हटला की त्यामागे जंतू असणारच, अशी सगळ्यांची खात्री. १८८६ मध्ये तो पकडायला एक पथक बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आलं. त्यातला तरुण डॉक्टर क्रिस्टियान आइकमन पुढे तिथल्या लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतच राहिला आणि संशयित जंतू टोचून कोंबड्यांवर प्रयोग करू लागला. १८८९ मध्ये कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार झाला खरा, पण टोचलेल्या कोंबड्यांबरोबर न टोचलेल्याही लंगडू लागल्या. आणि मग काही महिन्यांनी सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या!

चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात आचारी बदलला होता. आधीचा आचारी रुग्णालयात उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घालू द्यायचा. नव्याला ते पटेना. लष्कराचा तांदूळ लष्करासाठी, या बिनलष्करी कोंबड्यांना तो का म्हणून? कोंबड्या परत कोंड्यासकटच्या भरड तांदळावर आल्या आणि टुणटुणीत झाल्या. सरकारी खाक्याने विज्ञानाचं इतकं भलं क्वचितच केलं असेल.

माणसांचं काय, हे पाहायला आइकमनचा सहकारी अडोल्फ व्होर्डरमन जावातले तुरुंग पालथे घालून आला. त्याचे आकडे १८९७ मध्ये पुढे आले. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत ३९ कैद्यांमागे एक बेरीबेरीचा रोगी होता. कोंड्याचा तांदूळ जिथे होता तिथे १०,००० मागे एक. तरी आइकमनचं मन जंतूंच्याच वाटेने चाललं होतं. पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असं त्याला वाटे. विषबिष काही नाही, कोंड्याबरोबर शरीराला लागणारं काहीतरी निघून जातं, हे त्याच्या जागी आलेल्या खेरिट ग्राइन्सने १९०१ मध्ये सांगितलं. ते 'काहीतरी' म्हणजे थायमिन, ब१ जीवनसत्त्व. १९२६ मध्ये त्याचे स्फटिक तांदळाच्या कोंड्यातूनच वेगळे केले गेले, तेही त्याच शहरात. १९२९ चं नोबेल आइकमनला मिळालं.

कोंडा काढायची एवढी हौस का, याचं उत्तर बाजारात आहे. मुसळाने सडलेल्या तांदळाला थोडा कोंडा चिकटून राहतोच. वाफेवरच्या गिरण्या आल्या आणि तांदूळ अंकुरासकट खरवडून निघू लागला. कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. ते गेलं की तांदूळ महिनोन्‌महिने टिकतो, बोटीत चढतो, गोदामात पडून राहतो. पांढराशुभ्र दिसतो हा वरचा फायदा. म्हणजे तांदळाचं आयुष्य वाढलं, खाणाऱ्याचं घटलं.

मलायातल्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर मात्र या रोगातून बरेचसे सुटले, कारण ते उकडा तांदूळ खात. हे वाचलं तेव्हा मला वेंगुर्ल्याचं आजोळ आठवलं. भात भिजत घालायचं, मोठ्या हंड्यात अर्धकच्चं उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि मग कांडायचं. उकडताना कोंड्यातलं ब१ पाण्याबरोबर दाण्यात आत शिरतं, त्यामुळे वरून कितीही कांडलं तरी ते सगळं जात नाही. आजीला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच की उकड्याची पेज पोटाला आधार देते आणि सुरयचा, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा, भात तासाभरात जिरतो. सकाळी त्या पेजेबरोबर खारातली कैरी असायची.

आजीचं कौतुक करताना हातचं राखायला हवं. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेही १० कोटींवर आणि प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. उकड्याच्या मुलखातच! उकडा बेरीबेरीपासून वाचवतो. दिवसभर खुर्चीत बसून, वर पाव आणि बेकरीचा माल खाऊन झालेल्या मधुमेहावर तो काय करणार?

आता उंदीर. रॉबर्ट मॅककॅरिसन हा भारतीय वैद्यकीय सेवेतला आयरिश डॉक्टर. गिलगिटला असताना हुंझा खोऱ्यातली काटक माणसं त्याने पाहिली होती. पुढे निलगिरीतल्या कुन्नूरला त्याची आहाराची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे त्याने उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांची जेवणं वाढली. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी, अशी ताटंच मांडली म्हणा ना. वाढीत शिखांच्या ताटावरचे उंदीर पहिले आले, पठाणांचे दुसरे. आपला, म्हणजे मराठ्यांचा, नंबर तिसरा. मद्रासी ताटावरचे शेवटचे. 'लढवय्या जमाती'चं खूळ इंग्रजांच्या डोक्यात पक्कं होतं, पण उंदरांना जात नसते. फरक पडला तो सबंध गव्हाची चपाती, दूधदुभतं, डाळी आणि ताज्या भाज्या यांनी.

त्याचा दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात त्याने इंग्रजांनाही सोडलं नाही. एका मोठ्या पिंजऱ्यात शिखांचं जेवण, दुसऱ्यात गरीब इंग्रजाचं: मैद्याचा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडलेला कोबी-बटाटा, डबाबंद मांस आणि जॅम. पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर गुण्यागोविंदाने वाढले. दुसऱ्यातले खुरटले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि शेवटी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. उंदरांवरून माणसांचा निवाडा करायचा नसतो, हे खरं. पण पाव, मार्गारिन, गोड चहा आणि जॅम ही यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्यातल्या कितीजणांची न्याहारी यापेक्षा वेगळी आहे?

ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिथे सी. गोपालन यांच्यासमोर वेगळाच प्रश्न आला. दख्खनच्या पठारावरच्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा दिसत होता. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, आणि रोग वाढला तर भ्रम. ही माणसं पाकीटबंद काही खात नव्हती. ती ज्वारी खात होती आणि ज्वारीबरोबर जवळजवळ काहीच नाही. डाळ, दूध, भाजी मिळणाऱ्या घरांत त्याच ज्वारीने कुणाचं वाकडं होत नव्हतं. सध्या भरडधान्यांचं जे स्तोत्र चाललंय, ते म्हणणाऱ्यांनी ही हकिगत लक्षात ठेवावी. नैसर्गिक म्हणून कुठलाच दाणा एकट्याने पुरा पडत नाही.

मग 'प्रक्रिया' हा शब्दच वाईट का? तसं म्हटलं तर दही, कुरडई, लोणचं, घाण्याचं तेल, चकलीची भाजणी, सगळ्यांवर प्रक्रियाच झालेली असते. हा गुंता सोडवला ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी. त्यांना एक कोडं पडलं होतं. ब्राझीलमधली कुटुंबं साखर, तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होती आणि लठ्ठपणा मात्र वाढत होता. साखर-तेल गेलं कुठे? ते कारखान्यातूनच, तयार पदार्थांच्या पोटात बसून घरात येत होतं. २००९ मध्ये मोंतेरोंनी अन्नाची नवी विभागणी सुचवली. तिच्यातला शेवटचा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. ओळखायचे कसे? घटकांच्या यादीत तुमच्या मांडणीवर कधीच नसणाऱ्या वस्तू शोधायच्या: माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, आयएनएस लिहून पुढे आकडा. आपल्याकडे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे 'पौष्टिक' बिस्किटाच्या पुड्यावर पहिलं नाव मैद्याचं आणि त्याच्या पाठोपाठ साखर व पामतेल दिसलं, तर पुढच्या बाजूच्या गव्हाच्या लोंबीचं चित्र विसरायला हरकत नाही.

तरी शंका उरतेच. दोष त्या पदार्थांतल्या साखर-मीठ-चरबीचा असेल, तर ती कमी केली की झालं! २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे केविन हॉल यांनी नेमकं हेच तपासलं. वीस माणसं महिनाभर रुग्णालयात राहिली, दोन आठवडे पाकीटबंद जेवणावर आणि दोन आठवडे साध्या, तिथेच रांधलेल्या जेवणावर. समोर येणाऱ्या ताटांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ आणि चोथा सारखाच. पाकीटबंद जेवणात चोथा इतका कमी पडे की तो भरून काढायला सरबतात त्याची पूड मिसळावी लागली. हवं तितकं खा, नको ते ठेवा, एवढाच नियम. पाकीटबंद जेवणावर माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं आणि साध्या जेवणावर जवळपास तेवढंच उतरलं.

वीस माणसं म्हणजे फार नव्हेत आणि नेमकं कारण कोणतं यावर वाद चालू आहे. पण पाकीटबंद जेवण लोकांनी भराभर खाल्लं, हे नोंदींत दिसतं. ते मऊ असतं, आणि पोटाला पुरे म्हणायला सवड मिळण्याआधीच ताट रिकामं होतं. भाकरीचा घास चावल्याशिवाय गिळता येत नाही. बिस्कीट चहात बुडवलं की चावायचं काम चहाच करून टाकतो.

फराळाच्या दिवसांत हे लिहिते आहे, तेव्हा डालड्याबद्दल बोललं पाहिजे. १९३७ मध्ये तो आला आणि करंज्या खुसखुशीत व्हायला दुसरं काही लागेनासं झालं. वनस्पती तेलात हायड्रोजन सोडून त्याला तुपाचं रवाळ रूप द्यायचं, ही त्यातली युक्ती. त्या खटाटोपात तयार होणारे ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं घटवतात. आपल्याकडे त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. म्हणजे ८५ वर्षांनी. तुपातली करंजी कमी उष्मांकाची असते असं मुळीच नाही, पण ती चार दिवसांची होती. ती बारमाही होऊन पुड्यात बसली.

परवा मॉलमध्ये सकाळच्या न्याहारीच्या फ्लेक्सचा एक डबा उलटून पाहिला. बारीक अक्षरांत जीवनसत्त्वांची यादी होती, त्यात थायमिनही होतं, आणि दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत 'जीवनसत्त्वांनी समृद्ध'. शेजारच्या फळीवर हातसडीचा तांदूळ होता, पांढऱ्यापेक्षा चांगलाच महाग. मी दोन किलो घेतला. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढे पैसे मोजून हा न सडलेला तांदूळ कशाला आणलास गं?"