श्रुतलेखन आणि पोटदुखी

रविवारी दिवसभर क्रिकेट खेळणारे आणि सोमवारी सकाळी पोट धरून बसणारे मूल बालरोगतज्ज्ञाला नवे नसते. आमलीतील अशाच एका आठ वर्षांच्या मुलाच्या तपासणीत काहीच दोष आढळला नाही. त्या दिवशी शाळेत इंग्रजी श्रुतलेखन होते! घरी मराठी, शेजारी गुजराती, बाजारात हिंदी. इंग्रजी मात्र केवळ घोकंपट्टीतून भेटणारी.

मी त्याला मॅच, कॅच, पिच हे त्याचेच शब्द लिहून दाखविले. तिन्हींत आखूड स्वरानंतर ‘टी-सी-एच’ येते. ‘कोच’मध्ये स्वर लांबतो, म्हणून ‘टी’ नाही. ‘मच’, ‘रिच’ असे अपवाद आहेत. पण नियम गवसताच त्याचा चेहरा खुलला.

शेजारच्या महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. देवनागरी बहुतांशी उच्चारानुसार लिहिली जाते, इंग्रजी तशी नाही. त्यामुळे मूल ऐकू येईल तसे लिहिते. तो आळस नव्हे.

पालकांनी स्वयंपाकघर, बाजार, मैदान यांतील चार-पाच शब्द रोज बोलून व लिहून घ्यावेत. तरीही अडचण राहिल्यास दृष्टी व श्रवण तपासावे, डिस्लेक्सियाचाही विचार करावा. शिक्षा मात्र कदापि करू नये. तिने शब्द येत नाहीत, पोटदुखी तेवढी येते.