विश्लेषण : गावाचं नाव बदललं तरी पत्ता तोच! फोनच्या ॲड्रेस बारमधून ‘विकिडेटा’त कसं फिरायचं?

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, रेल्वे स्थानकांची नावं बदलली, अर्जांवरचे रकाने बदलले. पण इंटरनेटवर एक जागा अशी आहे, जिथे या शहरांचा पत्ता नाव बदलण्याआधी होता तोच नंतरही राहिला. कारण तिथे पत्त्यात नाव नसतंच, क्रमांक असतो.

ही जागा म्हणजे विकिडेटा. विकिपीडियाची ही भावंड साइट २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाली. विकिपीडियावर लेख असतात, इथे नोंदी आहेत आणि त्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. सर्च इंजिनं आणि व्हॉइस असिस्टंट जी झटपट उत्तरं देतात, त्यातला काही भाग इथून उचललेला असतो. त्यामुळे तुमच्या गावाबद्दल इथे काय लिहिलंय, हे तुम्हाला स्वतः तपासता आलं पाहिजे. त्यासाठी ॲप लागत नाही, लॉगिनही लागत नाही. ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये पत्ता टाइप करता आला की पुरे.

(सोयीसाठी इथे पत्ते देवनागरीत दिले आहेत. फोनवर मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाइप करा.)

क्यू आणि पी म्हणजे काय?

विकिडेटाची रचना ग्राफची आहे. ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख नव्हे. कागदावर ठिपके काढा आणि रेघांनी जोडा, तसं हे जाळं. ठिपका म्हणजे एखादी गोष्ट : शहर, माणूस, नदी, पुस्तक. रेघ म्हणजे दोन गोष्टींमधलं नातं.

प्रत्येक ठिपक्याला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक आहे. मुंबई क्यू११५६, पुणे क्यू१५३८, महाराष्ट्र क्यू११९१, भारत क्यू६६८. पहिले पाच क्रमांक कोणीतरी गमतीने वाटलेले दिसतात : विश्व क्यू१, पृथ्वी क्यू२, जीवन क्यू३, मृत्यू क्यू४ आणि माणूस थेट पाचव्या नंबरवर.

रेघांचे क्रमांक ‘पी’ने सुरू होतात. पी३१ म्हणजे ‘हे काय आहे’, पी३६ म्हणजे ‘राजधानी’, पी१९ म्हणजे ‘जन्मस्थान’. आपल्या कामाची सगळ्यात महत्त्वाची रेघ पी१३१, म्हणजे ‘हे कोणत्या प्रशासकीय विभागात येतं’.

पत्ता कसा टाइप करायचा?

‘विकिडेटा डॉट ऑर्ग’, मग स्लॅश, ‘विकी’, स्लॅश आणि ‘क्यू१५३८’. पुण्याचं पान उघडेल. पान प्रचंड लांब असतं, अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं. म्हणून पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह देऊन ‘पी१३१’ जोडा, पान थेट त्या ओळीवर जाऊन थांबेल. नावं मराठीत हवी असतील तर हॅशच्या आधी प्रश्नचिन्ह आणि ‘यूजलँग=एमआर’ लिहा. मराठी नाव कुणी भरलंच नसेल तर मात्र इंग्रजी नाव किंवा नुसता क्रमांक दिसतो.

क्रमांक माहीत नसेल तर? ‘विकी’नंतर स्लॅश देऊन ‘स्पेशल:आयटमबायटायटल’, स्लॅश, ‘एमआरविकी’, स्लॅश आणि शेवटी मराठी विकिपीडियावरच्या लेखाचं शीर्षक द्या. हा शेवटचा तुकडा देवनागरीतच चालतो. लेख असेल तर त्याची नोंद समोर येते.

मला सगळ्यात जास्त आवडलेला पत्ता म्हणजे ‘स्पेशल:व्हॉटलिंक्सहिअर’, स्लॅश, क्यू क्रमांक. एरवी आपण ठिपक्यावरून बाहेर जाणाऱ्या रेघा पाहतो, इथे आत येणाऱ्या रेघा दिसतात. तालुक्याचा क्रमांक टाकला की त्याच्याशी जोडलेल्या नोंदींची यादी मिळते. गावं, माणसं, मंदिरं, धरणं, सगळं एका रांगेत.

एक कडी तुटली तर?

आता पी१३१वर टॅप करत चला. गावावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून महाराष्ट्र. मी आजोळच्या गावावरून निघाले आणि काही टॅपमध्ये राज्यापर्यंत पोचले. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, ‘यात काय विशेष, एसटीसुद्धा तशीच जाते.’

विशेष हे की संगणकही याच वाटेने जातो. विकिडेटाच्या क्वेरी सेवेत ‘महाराष्ट्रात जन्मलेल्या व्यक्ती’ शोधायच्या असतील तर अशी वाट लिहितात : पी१९, स्लॅश, पी१३१ आणि पुढे तारांकित चिन्ह, शेवटी क्यू११९१. स्लॅश म्हणजे ‘त्यानंतर’. तारांकित चिन्ह म्हणजे ‘लागतील तितक्या वेळा’. माणसाच्या जन्मगावाला जा आणि तिथून महाराष्ट्र लागेपर्यंत वर चढत राहा, असा त्याचा अर्थ. (वाट फार लांबली तर ६० सेकंदांनंतर सेवा शोध थांबवते.)

समजा, एखाद्या वडगावच्या नोंदीत पी१३१ रिकामं आहे. मग त्या गावात जन्मलेले लेखक, कीर्तनकार, पैलवान यांची चरित्रं कितीही तपशिलात लिहिलेली असोत, ‘महाराष्ट्रात जन्मलेले’ या यादीत ते येणारच नाहीत. चूक त्यांच्या नोंदीत नसते, एक ठिपका पुढे असते. आणि वडगाव नावाची गावं तर राज्यभर आहेत. रेघ भलत्याच वडगावला जोडली गेली तर माणसाचा जिल्हाच बदलतो. यादी वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण नसलेलं नाव डोळ्यांना दिसत नाही.

पालघरचं उदाहरण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. आठ तालुके तिकडे गेले. साध्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे ‘ठाणे’ लिहिलेलं असेल तर शेकडो ओळी बदलाव्या लागतात. ग्राफमध्ये डहाणूतली गावं डहाणू तालुक्याला जोडलेली असतील तर बदल फक्त तालुक्याच्या नोंदीत करायचा. आठ नोंदी दुरुस्त केल्या की मागची सगळी गावं आपोआप पालघरला पोचतात.

जुनी माहिती पुसायचीही गरज नाही. ‘ठाणे’ या ओळीला शेवटची तारीख जोडतात, ‘पालघर’ला सुरुवातीची तारीख देतात आणि पालघरला ‘प्राधान्याची’ खूण करतात. ही खूण करायची राहून गेली की वर सांगितलेल्या वाटेने शोधणाऱ्याला गाव एकाच वेळी दोन्ही जिल्ह्यांत सापडतं. इंजिनीअरिंगला डेटाबेस शिकताना असल्या बारीकसारीक खुणा मला कंटाळवाण्या वाटायच्या.

दुरुस्ती कोण करतं?

कुणीही करू शकतं. आधी पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘ॲक्शन=हिस्ट्री’ लावून पाहा, कोणती ओळ कधी बदलली ते दिसेल. फोनवर ब्राउझरच्या मेन्यूतून ‘डेस्कटॉप साइट’ सुरू केली की संपादन सोपं जातं. तालुका बदलताना जनगणना किंवा राजपत्राचा संदर्भ जोडा, नाहीतर पुढचा माणूस तुमचा बदल उलटवू शकतो. आणि वेळ कमी असेल तर निदान गावाचं मराठी नाव तेवढं भरा, त्याला एक मिनिटही लागत नाही.