फौजदाराची बदली आणि नागरिकाचा प्रश्न

१८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी इंग्रज सरकारने जो पोलीस कायदा केला, त्याचा रोख रयतेच्या रक्षणापेक्षा तिच्यावर जरब बसविण्याकडे अधिक होता; आणि स्वराज्यात मुंबई राज्याने १९५१ साली आपला निराळा कायदा केला, तरी फौजदाराच्या बदलीची दोरी सत्ताधाऱ्यांच्याच हाती राहिली. ही दोरी सोडवावी म्हणून निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने ठरावीक कार्यकाल, आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण इत्यादी सात निर्देश दिले.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ठाण्यातील निरीक्षकाला सामान्यतः दोन वर्षांचा कार्यकाल दिला खरा, परंतु लोकहित व प्रशासकीय निकड या सबबीवर मुदतपूर्व बदलीची वाटही त्याच कलमात मोकळी ठेवली. आणि सबबींचा तोटा आपल्या सचिवालयास कधी पडला आहे? कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्राधिकरणाच्या शिरोभागी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात, तथापि त्यांचा अहवाल अपवादात्मक प्रसंगी कारणे नोंदवून फेटाळण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला आहे. विरोधात बसलेला प्रत्येक पक्ष पोलिसांच्या गैरवापराविषयी तक्रार करतो आणि खुर्ची मिळताच तीच बदल्यांची यादी मागवून घेतो. म्हणून फेटाळलेल्या अहवालाची कारणे जाहीर करा, ही मागणी कोणत्याही झेंड्याखाली न जाता नागरिकांनीच केली पाहिजे.