भंगारातलं विमान ओळखायचं कसं?

भंगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सेमिस्टर संपल्यावर होस्टेलच्या मागे येणारा रद्दीवाला, नाहीतर वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेला फसलेल्या जॉब्जचा ढीग. पण जगात असेही लोक आहेत जे हातभर वाकड्या पत्र्यासाठी सुट्टी काढून दुसऱ्या गावी जातात, तो पत्रा घरी आणून साबणाच्या पाण्याने धुतात आणि रात्रभर भिंगाखाली धरून बसतात. हा पत्रा असतो जुन्या विमानाचा, बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातल्या. इंग्लंड-अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. आणि गंमत म्हणजे त्यासाठी लागणारं अर्धं ज्ञान आपण सेकंड इयरलाच शिकलेलो असतो, फक्त व्हायव्हा संपली की विसरून जातो!

आधी एक प्रश्न. एवढं काय आहे त्या भंगारात? एक उदाहरण देतो. २४ मे १९४० ला पी९३७४ नंबरचं एक ब्रिटिश स्पिटफायर फ्रान्समध्ये कॅलेच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरवावं लागलं. वाळूने ते गिळून टाकलं. चाळीस वर्षांनी, १९८० मध्ये ते वाळूतून वर आलं. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली, २०११ मध्ये ते पुन्हा उडालं आणि २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात ३१ लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. अशा पुनर्बांधणीत बराच भाग नवीन बनवावा लागतो. मग 'हे तेच विमान' असं कशावरून म्हणायचं? तर जुन्या सांगाड्यातून टिकलेले भाग, त्यांच्यावरचे नंबर आणि त्या विमानाची कागदपत्रं यांवरून. म्हणजे पत्रा महत्त्वाचा आहेच, पण पत्र्याची ओळख त्याहून महत्त्वाची.

तर मग ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, नंबर. विमानाच्या जवळजवळ प्रत्येक पार्टवर ड्रॉइंगचा नंबर ठोकलेला किंवा शाईने छापलेला असतो. स्पिटफायरचं सुपरमरीन कंपनीतलं टाइप नाव होतं ३००, म्हणून त्याच्या पार्ट नंबरची सुरुवात ३०० ने होते. पुढच्या मॉडेल्सना पुढचे आकडे मिळाले: मार्क दोनला ३२९, मार्क पाचला ३४९, मार्क नऊला ३६१. पण एक लक्षात ठेवा, जो पार्ट बदललाच नाही त्याचा नंबरही बदलला नाही. त्यामुळे मार्क नऊच्या विमानात ३०० चा पार्ट सापडला तर दचकायचं कारण नाही. अमेरिकन मस्टँगचंही तसंच. त्याचं पहिलं डिझाइन एनए-७३, म्हणून ७३ ने सुरू होणारे नंबर नंतरच्या मस्टँगमध्येही दिसतात. सांगायचा मुद्दा हा की नंबर वरून विमानाचं 'घराणं' कळतं, नेमकं विमान कळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, शिक्के. ब्रिटिश सरकारी मालावर राजमुकुट आणि खाली 'ए.एम.' म्हणजे एअर मिनिस्ट्री अशी खूण असते. सोबत भांडाराचा नंबर. तो '६ए' ने सुरू झाला तर इन्स्ट्रुमेंट, '५सी' असेल तर इलेक्ट्रिकल सामान. कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात बनलेल्या स्पिटफायरच्या पार्ट्सवर 'सीबीएएफ' हा तपासनिसाचा शिक्का सापडतो. जर्मन उपकरणांवर 'एफएल' आणि पुढे आकडे असतात. अमेरिकन नट-बोल्टवर 'एएन' म्हणजे आर्मी-नेव्ही स्टँडर्ड.

तिसरी गोष्ट, धातू आणि रिव्हेट. इथे आपला मटेरियल सायन्सचा पेपर कामी येतो. अमेरिकन पत्र्यावर कधी कधी '२४ एस-टी' आणि 'अल्क्लॅड' अशी छपाई अजून वाचता येते. २४एस म्हणजे आजचं २०२४ अ‍ॅल्युमिनियम, त्यात चारेक टक्के तांबं. तांब्यामुळे ताकद येते पण गंज लवकर लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. त्यालाच अल्क्लॅड म्हणतात. आता अमेरिकन रिव्हेटचं डोकं नीट बघा. मध्ये बारीक खड्डा असेल तर २११७ मिश्रधातू, उंच ठिपका असेल तर २०१७, आणि दोन उंच रेघा असतील तर २०२४. शेवटचे दोन प्रकार हीट ट्रीटमेंटनंतर साध्या तापमानाला आपोआप कडक व्हायला लागतात, म्हणून वापरेपर्यंत ते चक्क फ्रीजमध्ये ठेवत! एज हार्डनिंग म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

चौथी गोष्ट, आटे. मेट्रॉलॉजी लॅबमधला थ्रेड गेज आठवतोय ना? बीएसएफ किंवा व्हिटवर्थ आटा ५५ अंशांचा, म्हणजे ब्रिटिश. अमेरिकन आणि जर्मन दोन्ही ६० अंशांचे, पण एक इंचात आणि दुसरा मिलिमीटरमध्ये. नंबर पूर्ण पुसला गेला असला तरी एका बोल्टवरून देश सांगता येतो.

पाचवी गोष्ट, रंग. झिंक क्रोमेटचा पिवळट हिरवा प्रायमर दिसला की बहुतेक अमेरिकन. जपानी विमानांच्या आतल्या बाजूला निळसर हिरवा, पारदर्शक लाखेसारखा थर असे, त्याला 'आओताके' म्हणतात. डायलवर किलोमीटरमध्ये वेग असेल तर ब्रिटिश विमानाचा विचार सोडून द्या.

यातली एकच खूण बघून निकाल लावू नका. नंबर, शिक्का, आटा, रंग हे सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवायचा. कारण जिथे पैसा तिथे नकली माल आलाच. नवी पितळी पाटी ठोकून तिला जुनी दाखवणं काही कठीण नाही.

आता सफाई. नवीन संग्राहक पहिलं काम काय करतो, तर वायर ब्रश घेऊन पत्रा चकाचक करतो, आणि शाईचा शिक्का कायमचा जातो! आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो, मग मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी, बस्स. आणि हा पार्ट कुठे, कधी, कोणाकडून मिळाला हे त्याच दिवशी वहीत लिहायचं. नोंद नसलेला पार्ट म्हणजे सर्टिफिकेट नसलेला इंजिनिअर. असेल हुशार, पण सिद्ध कसं करणार?

इथे जरा गंभीर व्हायला हवं. जुन्या डायलवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावत. आज ते चमकत नाहीत, म्हणून अनेकांना वाटतं की धोका संपला. तसं नाही. चमकणारं झिंक सल्फाइड खराब झालंय, रेडियम मात्र तिथेच आहे. त्याचं अर्धं आयुष्य आहे सुमारे १६०० वर्षं! त्यामुळे असं उपकरण उघडायचं नाही, रंग खरवडायचा नाही, काच फुटली असेल तर हातही लावायचा नाही, आणि होस्टेलच्या रूममध्ये उशाशी तर अजिबात ठेवायचं नाही. दुसरा धोका मॅग्नेशियमचा. चाकं, गिअरबॉक्सची कव्हर्स अशा हलक्या कास्टिंगवर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर ते मॅग्नेशियम समजा आणि ग्राइंडर लांब ठेवा. त्याचा भुगा पेटला तर पाणी टाकल्याने आग भडकते, कोरडी वाळूच लागते.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी. पडलेलं विमान म्हणजे नुसतं भंगार नसतं, अनेकदा ती कुणाची तरी समाधी असते. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान पडलेली प्रत्येक जागा संरक्षित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खणता येत नाही, आणि मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर सहसा परवाना मिळतच नाही. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने बुडालेली लष्करी विमानं सरकारचीच राहतात, मग ती कितीही वर्षं पाण्यात असोत. आपल्या अरुणाचलच्या डोंगरात 'हंप'च्या मार्गावर, म्हणजे आसामहून चीनला रसद नेताना पडलेली अमेरिकन विमानं आजही सापडतात. त्यांच्या स्मरणार्थ पासीघाटला २०२३ मध्ये म्युझियम सुरू झालं. अशा जागेवरून कुणी एखादी नंबराची पाटी खिशात घातली, तर ते विमान कोणतं आणि त्यात कोण होतं हे सांगणारा एकमेव पुरावा त्याच्यासोबत जातो. पलीकडे कुणाच्या तरी घरात ऐंशी वर्षं उत्तराची वाट बघणारी माणसं असतात. पाटी विकून किती मिळतील? त्या घराला मिळणाऱ्या उत्तराएवढे नक्कीच नाहीत.

आपल्या देशाला भंगारातून विमान उभं करण्याची परंपरा आहे, हे माहीत आहे का? युद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर्स सोडून दिली गेली, तीही पुन्हा उडू नयेत अशी मोडतोड करून. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातून चाळीसच्या आसपास विमानं उडती केली. १९४८ पासून १९६८ पर्यंत ती वायुदलात होती, आणि त्यातलं एक स्क्वाड्रन आपल्या पुण्यात होतं! त्यातलंच एक विमान १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिलं. ज्यांनी मोडलं त्यांनाच आपण चालू करून दिलं, म्हणा ना!

शेवटी एक होमवर्क. नाशिकजवळ ओझरला बनलेली मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाली. अनेक चौकांत आणि कॉलेजांच्या आवारात ती उभी आहेत. पुढच्या वेळी तिथे फोटो काढाल तेव्हा पंखाखाली वाकून बघा. रिव्हेट मोजा, झाकणांवरचे नंबर वाचा, वहीत उतरवा. काही उचलून आणू नका हं! ओळखायला शिकणं हाच या छंदाचा नव्वद टक्के भाग आहे, आणि तो अगदी फुकट आहे.